पार्ट टू बेकारच होता, मधू

मधू,

हे मी शुद्ध मराठीत लिहितो आहे. 'मले', 'तुले', 'काऊन' या आपल्या बोलीतलं एक अक्षर आत येऊ द्यायचं नाही, असं तुझ्या थोरल्या भावानं, दादांनी, मला बजावलंय. तुझ्या तेरवीला वाटायची स्मरणिका छापायला जायची आहे, त्यात माझं एक पान आहे. "वसंता, भाषा सांभाळ. हे लोकांच्या घरात राहणार आहे," दादा म्हणाले. मी मुकाट्यानं हो म्हणालो. तुझा इन्स्पेक्टर सबुरे ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत तुझं स्मरण करायचं, यापेक्षा मोठी शिक्षा मला सुचली नसती. भोग आता.

दादांची दुसरी अट जरा कडक आहे. दोन्ही चित्रपट गाजले, असं लिहायचं. 'हवालदार सबुरे' आणि 'इन्स्पेक्टर सबुरे' या दोन्ही विनोदी पोलीसपटांनी रसिकांच्या मनावर अधिराज्य केलं, हे वाक्य त्यांनी स्वतः तयार करून मला दिलंय. जन्मभर मराठी शिकवलेला माणूस, वाक्य बिनचूक आहे, फक्त खोटं आहे. मी म्हणालो, दादा, पहिला गाजला, दुसऱ्याचे बारा वाजले. ते चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. मी म्हणालो, माणसाबद्दल कोण बोलतंय, मी पिक्चरबद्दल बोलतोय.

शिवाय तू स्वतः माझ्याशी पैज लावून गेला आहेस. मी मेल्यावर तरी तू पार्ट टू चांगला होता म्हणशील, अशी ती पैज. तिच्याकडे येतोच. आधी शोभावहिनींच्या नाचणगावच्या माहेरच्यांना आणि ज्यांनी पिक्चर पाहिला नाही त्यांना काय झालं ते सांगतो.

पहिल्या भागाला ना धड कॅमेरा होता ना धड कथा. लग्नांची शूटिंग करणारा नरेश, तू आणि मी. तू पंचायत समितीत बाबू, मी हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर. रविवारी जिनिंग बंद असायची तेव्हा तिथल्या आवारात आपलं शूटिंग चालायचं. तू हवालदार, मी चोर. खाकी कपडे नाटकाच्या सामानवाल्याकडून आणलेले. पँट तुझ्या पोटावर बसेना म्हणून पट्ट्याखाली सुतळी बांधली होती. मारामारी म्हणजे काय, तर मी सायकलवर पळतो, तू मागे धावतोस, मी कापसाच्या गंजीवर चढतो, तू चढतोस आणि कमरेपर्यंत आत जातोस. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. तू खरोखरच रुतला होतास, 'काढा बे मले' म्हणून आम्हाला आईवरून शिव्या देत होतास, आणि नरेशनं कॅमेरा बंद केला नाही. पुढे लोकांनी सगळ्यात जास्त वेळा तीच जागा पाहिली. तुझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम तू चुकून केलंस, मधू. जे ठरवून केलंस ते सगळं पार्ट टूमध्ये आहे.

(पाहा, 'मले' आलंच. अवतरणात आहे, दादा. राहू द्या.)

हवालदार सबुरेला कागद रंगवायचा कंटाळा. चोर पकडला की पंचनामा आला, पंच आले, सह्या आल्या. म्हणून तो चोराला संध्याकाळी सोडून देतो. "ए उंदऱ्या, आज ठाण्यात जागा नाई. उद्या येजो." मी हात जोडतो आणि म्हणतो, "येतो साहेब." मी काही जात नाही. तू दुसऱ्या दिवशी दोन चहा सांगून ठाण्यासमोरच्या बाकावर बसतोस, रस्त्याकडे बघतोस आणि शेवटी दोन्ही चहा स्वतःच पितोस. हे पिक्चरभर चालतं. शेवटी खरे गुंड तुला जिनिंगमध्ये घेरतात. तू मार खातोस आणि मार खाताखाता रस्त्याकडे बघतोस. मग मी सायकलवर येतो. "येतो म्हटलं होतं ना साहेब." त्या वाक्याला टॉकीजमध्ये इतक्या शिट्ट्या पडायच्या की पुढची मारामारी कोणालाच ऐकू येत नसे. बरंच होतं, तिचा आवाज नरेशनं पापड मोडून काढला होता.

आता त्या एका शब्दाबद्दल, कारण आपलं सगळं भांडण त्या शब्दावरून आहे. 'ये' हा हुकूम असतो. 'या' म्हणजे मान देणं. आपलं 'येजो' यांच्या मधलं आहे. त्यात हुकूम आहे पण घाई नाही. आत्ताच नको, सवडीनं, पण यायचं मात्र आहे. आणि येजो म्हणणारा माणूस मागे वाट पाहत बसणार असतो. आई लेकीला म्हणते, सासू जावयाच्या पोरांना म्हणते. ते हवालदारानं चोराला म्हटलं, एवढाच आपला पिक्चर होता. दुसरं त्यात काही नव्हतं.

त्या वर्षी हिंगणघाटात कोणाला साधं येजो म्हणायची सोय राहिली नव्हती. माझ्या साडूनं लेकीची पाठवणी करताना रडत रडत "येजो बाई" म्हटलं आणि मांडवातले अर्धे लोक खुदखुदू लागले. खऱ्या ठाण्यातल्या खऱ्या हवालदारानं तुला चौकात थांबवलं, आपल्याला वाटलं आता काही खरं नाही. तो म्हणाला, तुमच्यापायी चोर माझ्या तोंडावर हसतात, आणि मग त्यानंच चहा पाजला. तळेगावच्या बाजारात आपण पांढरं कापड बांधून पिक्चर दाखवला, आठवतं? वाऱ्यानं कापड फुगायला लागलं तेव्हा तू त्या खाकी कपड्यातच मागच्या बाजूनं बांबू धरून उभा राहिलास. सगळा पिक्चर तू उलटा पाहिलास. मी म्हणालो, सोड, मी धरतो. तू म्हणालास, नको, इथून कापडाच्या बाजूनं लोकांची तोंडं दिसतात. तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं त्याच्यासाठी मी तुझं काय काय सोसलं, ते माझं मला माहीत. त्या दिवसाबद्दल मी तुझा ऋणी आहे, हे एकदा शुद्ध मराठीत सांगून टाकतो.

मग पैसे लावायला पुण्याचा तो माणूस आला. त्याचं नाव लिहीत नाही, त्याला तेवढंही मिळू नये. म्हणाला, दुसरा भाग मोठा करू, महाराष्ट्रभर नेऊ. सबुरेला बढती. गॉगल, जीप, पिस्तूल, स्लो मोशनमध्ये उडी. हे सगळं बोलून झाल्यावर त्यानं अगदी हळूच विचारलं, ते येजो काढू या का, आमच्याकडच्या लोकांना वाटतं उच्चार चुकलाय. मी म्हटलं आता तू त्याला फाडून खाशील. तू मान हलवलीस. लगेच हलवलीस, जसं काही कोणीतरी हे विचारावं याचीच वाट बघत होतास.

संध्याकाळी पानठेल्यावर आपलं जुंपलं.

"हसतात बे लोक आपल्या बोलीले," तू म्हणालास.

"हसाले पाह्यजे म्हणूनच त पिक्चर काढला ना आपण?"

"ते हसनं येगळं असते, वसंता. तुले नाई समजत."

मला चांगलं समजत होतं. तू कोणाचं हसणं मनात धरून बोलत होतास तेही समजत होतं. तू दादांच्याच वर्गात शिकलास. 'मले' म्हटलं की हातावर छडी, आणि घरी आल्यावर त्याच चुकीची परत एक. पहिला भाग पाहून दादा म्हणाले होते, "बरा आहे. भाषा गावंढळ आहे." सगळं गाव तुला डोक्यावर घेऊन नाचत होतं आणि तू ते एक वाक्य उशाला घेऊन झोपत होतास. पार्ट टू तू महाराष्ट्रासाठी काढलाच नाहीस. तू तो एका प्रेक्षकासाठी काढलास आणि त्याच्यापायी बाकीच्या गावाला झोपवलंस. दादा हे वाचतील. वाचू देत.

आणि मला मारलंस. पोस्टरला लागतो म्हणून माझा फोटो माझ्याच घरून नेलास, माझ्या बायकोनं, कुंदानं, तो कपाटातून शोधून दिला. पहिल्या शोला आपण शेजारी शेजारी बसलो, तू, मी, कुंदा, तुझ्या पलीकडे शोभावहिनी. पडदा उघडतो तो भिंतीवर माझा फोटो, त्याला प्लास्टिकच्या फुलांचा हार, खाली उदबत्ती. इन्स्पेक्टर सबुरे गॉगल काढून डोळे पुसतात आणि म्हणतात, "मित्रा, तुझं बलिदान वाया जाणार नाही." मित्रा! साऱ्या जन्मात तू मला कधी मित्रा म्हणाला नाहीस. कुंदा भर टॉकीजमध्ये उभी राहिली. "जित्या माणसाच्या फोटोले हार घालते काय हा?" असं म्हणून ती पर्स उचलून निघाली आणि वहिनी तिला समजवायला मागे धावल्या. त्या दोघी सुटल्या. आपण दोघं आत राहिलो.

लोक शब्दाची वाट बघत होते, मधू. तुला ते कळत होतं, कारण तू खुर्चीचा हात घट्ट धरला होतास. पहिला चोर पकडला गेला आणि सगळ्या हॉलनं श्वास रोखून धरला. बाया पदर तोंडाशी नेऊन हसायला तयार बसल्या होत्या. पडद्यावर तू मान वळवलीस, पिस्तूल खिशात घातलंस आणि म्हणालास, "उद्या ये."

कोणी हसलं नाही. कोणी चिडलंही नाही. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला विचारलं, "जो कुठी गेला?"

मला वाटतं, तुझ्या त्या पिक्चरचं यापेक्षा चांगलं परीक्षण कोणी लिहू शकणार नाही. पुढे दोन तास तू उड्या मारल्यास, गाड्या उडवल्यास, सुटातल्या खलनायकाला पुस्तकी मराठीत दम दिलास. मध्यंतरानंतर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. शेवटी तू जीपवरून उडी मारलीस, हवेत सावकाश फिरत राहिलास, इतका सावकाश की लोकांना विचार करायला वेळ मिळाला. मागून कोणीतरी ओरडलं, "सबुरे, घरी जाजो आता!" आणि टॉकीज हसली. पोट धरून हसली. साऱ्या पिक्चरमध्ये तेवढं एकच हसणं पडलं, आणि तेही तू काढून टाकलेल्या 'जो'वर. तूही हसल्यासारखं केलंस. मी तुझ्याकडे बघितलं नाही, समोरच बघत राहिलो.

पुढचं तुला माहीत आहे. ज्या गावानं तुझा शब्द तोंडात घोळवला त्यानंच तो तुझ्या तोंडावर फेकला. भाजीवाली पिशवी देताना नाकातून म्हणायची, "साहेब, उद्या ये." तुझ्याच ऑफिसात लोक फाईल मागायला आलेल्याला म्हणायचे, "मित्रा, उद्या ये," आणि तू मान खाली घालून लिहीत बसायचास. मोबाईलवर पिक्चरच्या खाली लोकांनी जे लिहिलं ते तू मला वाचून दाखवायचास, कारण वहिनींना दाखवायची सोय नव्हती. 'उंदऱ्या मेला ते बरं झालं, हे पाहण्यापासून वाचला.' हे एकानं लिहिलेलं तू दोनदा वाचलंस. तू गेल्याची बातमी फिरली त्या दिवशी त्याच ठिकाणी कोणीतरी लिहिलं, 'देव आहे. पार्ट थ्रीतून वाचलो.' मला हसू आलं, मधू. खोटं काय सांगू. हसू आलं आणि ते तुला दाखवायला मी खिशातून मोबाईल काढला, मग आठवलं.

मला सगळे म्हणायचे, जाऊन धीर द्या त्याला, चार शब्द बरे बोला. मी धीर दिला नाही. आजही देत नाही. गाव तुला हसत होतं कारण गावाला तू परका वाटायला लागला होतास. मी तुला बेकार म्हणत होतो कारण तू माझा होतास. आता हा फरक तुला तेव्हा कळला की नाही, हे विचारायची सोय राहिली नाही.

वर्ध्याच्या दवाखान्यात मी आलो तेव्हा तुझ्या नाकात नळी होती. फुप्फुसात पाणी झालंय, बोलायला लावू नका, असं नर्स सांगून गेली. ती वळली आणि तू बोलायला लागलास.

"खरं सांगजो. इतका बेकार होता का पार्ट टू?"

"होता."

"एखादी तरी जागा?"

"मध्यंतर," मी म्हणालो. "समोसे गरम होते."

तू हसलास आणि नळी निघाली. नर्सनं येऊन मला जे सुनावलं ते तू मोठ्या आनंदानं ऐकत होतास. ती गेली. मग म्हणालास, मी मेल्यावर तरी तू चांगला होता म्हणशील. मी म्हणालो, नाही म्हणणार. तू म्हणालास, लाव पैज, मेलेल्या माणसाच्या पिक्चरला बेकार म्हणायची तुझी छाती नाही. मी पैज लावली. वहिनी कोपऱ्यात मोसंबी सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "मले त आवडला होता. त्यात हे बारीक दिसतात." तू माझ्याकडे असं बघितलंस जणू खटला जिंकलास.

आपल्याकडे कोणाच्याही घरून निघताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. फक्त मयतीच्या घरून आणि मोक्षधामातून काही न बोलता निघायचं. तिथे येतो म्हटलं की मरण परत त्याच वाटेनं येतं, असं म्हणतात. पोरासोरांनाही हे माहीत असतं. तुझ्या पोरीनं अग्नी दिला, रडली नाही, तुझ्यासारखीच हट्टी आहे. कोणीतरी भाषण केलं, थोर कलावंत वगैरे. नदीकडून वारा येत होता आणि धूर सगळा भाषणवाल्याच्या तोंडात जात होता, तेवढंच तुझ्या मनासारखं झालं. मग लोक उठायला लागले. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मी पण वळलो.

तेवढ्यात तुझा आवाज आला.

"ए उंदऱ्या! आज ठाण्यात जागा नाई. उद्या येजो."

खणखणीत आला. जळत्या चितेच्या बाजूनं. सगळे जागच्या जागी थिजले, एका बाईनं देवाचं नाव घेतलं. आणि माझं तोंड माझ्या ताब्यात राहिलं नाही, मधू. इतकी वर्षं त्या वाक्याला त्यानं एकच उत्तर दिलंय. माझे हात जोडले गेले, पाठ वाकली आणि मी म्हणालो, "येतो साहेब."

मोक्षधामात. चितेसमोर. येतो.

मग तुझा आवाज परत आला, "ए उंदऱ्या! आज ठाण्यात जागा नाई," आणि लोकांना कळलं की फोन वाजतोय. तुझ्या पहिल्या भागातलं वाक्य कोणीतरी रिंगटोन करून ठेवलं होतं आणि तो माणूस खिसे चाचपत होता, फोन सापडत नव्हता, सापडला तर बंद होत नव्हता. तू आपला म्हणतोच आहेस, उद्या येजो, उद्या येजो. कोणीतरी आधी फिसकन हसलं. मग हसणं मोक्षधामाच्या फाटकापर्यंत गेलं. पंचायत समितीतले लोक, भाजीवाली, टॉकीजमध्ये तुला घरी जाजो म्हणणारा जो कोणी असेल तो, सगळे डोळे पुसत हसत होते. तुझी पोरगी हसत होती आणि तेव्हा कुठे ती रडली. तुझ्या जन्मात तुला एवढं हसणं मिळालं नव्हतं. पार्ट टूला जे पाहिजे होतं ते सगळं तिथे एकदम पडलं, आणि तू तेवढा नव्हतास.

तो फोन दादांचा होता.

ते सरळ माझ्याकडे चालत आले. मला वाटलं आता थोबाडीत बसणार, बसायलाच पाहिजे होती. त्यांनी माझी कॉलर धरली. "काऊन म्हटलं बे तू तसं? काऊन म्हटलं?" त्यांच्या तोंडून 'काऊन' मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मग त्यांचा हात सैल झाला आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ते लहान पोरासारखे रडले.

नळावर हातपाय धुताना मी विचारलं, ही टोन कधी टाकली. म्हणाले, पहिला भाग निघाला त्याच वर्षी. घरी आणि शाळेत आवाज बंद ठेवायचो, आज नातेवाइकांचे फोन चुकू नयेत म्हणून चालू केला. मी विचारलं, मधूला माहीत होतं? नाही म्हणाले. का नाही सांगितलं? दादा बराच वेळ पाय धूत राहिले. "सवय नव्हती," म्हणाले.

तेव्हा मला त्यांचा असा राग आला की त्यांना नदीत ढकलावंसं वाटलं. ज्या एका माणसासाठी तू आपली जीभ धुऊन काढलीस, तो तुझा येजो खिशात घेऊन फिरत होता. तुला हे कळलं असतं तर पार्ट टूमध्ये मी जिवंत असतो. तू कदाचित तरीही मेला असतास, फुप्फुसाला बोली कळत नाही. पण तोंड खाली घालून मेला नसतास.

काल तुझ्या घरी आलो होतो. वहिनी पार्ट टू लावून बसल्या होत्या, मोबाईलवर, आवाज बंद करून. म्हणाल्या, आवाज ऐकवत नाही. मी शेजारी बसलो. आवाज नसला की तो तूच असतोस, पोट आत ओढलेला, गॉगल नाकावरून घसरत असलेला, उडी मारायच्या आधी कोणी बघतंय का हे बघणारा. माझ्या फोटोपुढे तू डोळे पुसतोस ती जागा आली. तुझे डोळे तिथे खरे ओले आहेत. टॉकीजमध्ये मला ते दिसलं नव्हतं, मी हाराकडे बघत होतो. हे पैजेत धरायचं नाही. मुक्या पिक्चरबद्दल आपली पैज नव्हती.

दादा, माझी शुद्ध मराठी इथं संपली. पुढचं छापा नाहीतर कापा.

मध्या, मी तथी, मोक्षधामात, येतो म्हटलं. कुंदा रोज डोकं खाऊन राह्यली, ते शब्द वापस घ्या, देवापुढे नारळ फोडा. मी वापस घेत नाई. तुले पक्कं माहीत हाय, उंदऱ्या येतो म्हणते तवा दुसऱ्या दिवशी येत नाई. लय दिवस येत नाई. पण येते. पैज तू हारला, पार्ट टू बेकारच होता, अन् हे तुह्या तोंडावर सांगाले मले यावंच लागन. तथी बाक असन त बसजो. दोन चहा सांगजो, थंडे झाले त दोन्ही तूच पिजो. मले घाई नाई. वाट पाहजो.